डब्यातली भाजी आणि कँटीनचा चहा

आमची आई एका कारखान्यात पॅकिंगला आहे. सकाळची सातची पाळी, म्हणून साडेपाचला डबा भरावा लागतो. त्या घाईत होते ती बटाट्याची भाजी. गेल्या वर्षी तिला चक्कर येऊ लागली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ. डॉक्टर म्हणाले, "बाई, गोळ्या घ्याच, पण पालेभाजी आणि फळेही खा." घरी येऊन आई म्हणाली, "खायला कोण नको म्हणतंय? पण कधी, नि कुठं?" घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तेव्हा उत्तर शोधणे माझ्याकडे आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाने रोज निदान 400 ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात. बटाटा त्यात धरीत नाहीत, हे ऐकून आमच्या घरी सर्वांनाच वाईट वाटले! आईचे दुखणे एकटीचे नव्हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरांतील 57 स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

शिवाय भाजी खाल्ली की काम झाले, असेही नाही. पालेभाजीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते; जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. आणि कारखान्यात जेवण संपता संपता चहाच येतो. लिंबाची फोड किंवा पेरू येत नाही. पेरूत संत्र्याहून अधिक क जीवनसत्त्व असते, पण आजाऱ्याला भेटायला जाताना आपण नेतो मात्र संत्रीच.

आईच्या कारखान्यात 'फळे खा' अशी पाटी भिंतीवर आहे. तिच्याखालीच वडे मिळतात. सुटी अर्ध्या तासाची. त्यात हात धुणे, रांग, जेवण. अशा वेळी चिरायचे फळ कोण खाणार? केळे चालते, धुतलेला पेरू चालतो. कोशिंबीर वेगळी विकत ठेवली तर पैसे वाचवण्यासाठी बायका ती टाळतात. ताटातच वाढली तर खातात.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे कँटीनची तरतूद होती. 2020 च्या संहितेत ती संख्या शंभरावर आली. कँटीनच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, हेही 1948 च्या कायद्यात होते. आईला हे मी सांगितले तेव्हा ती हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणींना सांगितले. आता चौघीजणी पाळीपाळीने मेथी, काकडी, मुळा आणतात आणि वाटून खातात. कँटीनवाल्याने "केळी सडतात" म्हणून आधी नकार दिला. मग सोमवारी आणि गुरुवारी ठेवू लागला. दुपारपर्यंत संपतात.

परवा आईने विचारले, "तो चहा तासभर उशिरा आणायला सांगता येईल का गं?" अर्ज मी लिहून दिला आहे. खाली अकरा सह्या आणि तीन अंगठे आहेत.