शंभर ग्रॅमची बातमी

7 ऑगस्ट 2024च्या सकाळी देशभरातल्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर विनेश फोगाट होती. आदल्या दिवशी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिनं तीन कुस्त्या मारल्या होत्या. त्यातली पहिली जपानच्या युई सुसाकीविरुद्धची. ही सुसाकी तोवर परदेशी मल्लाकडून एकदाही हरली नव्हती. सुवर्ण नाहीतर रौप्य, पदक नक्की, असं सगळ्यांनी लिहिलं. दुपारच्या सुमारास भारतात बातमी आली: वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं, विनेश अपात्र.

त्यानंतरचे काही तास प्रत्येक वृत्तपत्राच्या क्रीडा विभागाची परीक्षा घेणारे होते. काल वजन बसलं, तर आज पुन्हा कशाला? अंतिम लढत गेली ती गेली, निदान रौप्य तरी का नाही? ज्याला कुस्तीचे नियम ठाऊक होते तो सांगू शकला, की ऑलिंपिकमध्ये एका वजनगटाच्या लढती दोन दिवस चालतात, दोन्ही सकाळी वजन होतं, दुसऱ्या दिवशी त्यासाठी फक्त पंधरा मिनिटं मिळतात आणि त्यात न बसणाऱ्याचा नंबर थेट शेवटचा लागतो. आदल्या दिवशीचे विजय मग हिशेबात धरत नाहीत. ज्याला हे ठाऊक नव्हतं त्यानं कटकारस्थानाची शंका घेतली आणि वेळ मारून नेली. आठवडाभरानं आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं विनेशचं अपील फेटाळलं, तेव्हा नियम वाचून लिहिणारे कोण आणि अंदाजानं लिहिणारे कोण, हे वाचकांनाही कळलं.

क्रीडा पत्रकार व्हायचंय म्हणणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे बहुधा वानखेडे स्टेडियममधली पत्रकार कक्षातली खुर्ची असते. (तिथं बसलेले पत्रकारही रिप्ले पाहायला टीव्हीकडेच माना वळवतात, ही गोष्ट वेगळी.) धावफलक आज ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनवर असतो. त्यामुळे 'काय झालं' हे सांगण्याला आता फारशी किंमत उरलेली नाही. 'असं का झालं' हे सांगता येणाऱ्याला मात्र आहे.

मराठीत ही वाट वि. वि. करमरकरांनी पाडली. 1962 साली 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला. मराठी दैनिकात खेळाला हक्काची जागा मिळवून देण्याचं श्रेय करमरकरांच्या तिथल्या कामाला दिलं जातं. क्रिकेटबरोबरच कबड्डी, खो-खो, कुस्तीलाही त्यांनी तितक्याच गांभीर्यानं जागा दिली आणि संघटनांच्या कारभारावर टीका करताना भीड ठेवली नाही. त्यांच्या मराठी समालोचनानं रेडिओवरचा सामना घरोघरी पोचला. मार्च 2023मध्ये ते गेले. त्या पिढीकडून आजही शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे मैदानावर पाय झिजवणं.

मुंबईत या पाय झिजवण्याचं पहिलं ठिकाण म्हणजे शालेय क्रिकेट. तिथल्या वृत्तपत्रांच्या बारीक टायपातल्या ओळींचं वजन किती, याची एक हकिकत सचिन तेंडुलकरनं स्वतःच सांगितली आहे. तीस धावा केल्या तरच नाव छापून यायचं. सचिनच्या झाल्या होत्या चोवीस. स्कोअररनं अवांतर धावांतल्या सहा त्याच्या खात्यावर टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नाव झळकलं. प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांनी मात्र न काढलेल्या धावांबद्दल त्याला चांगलंच सुनावलं. नवख्या बातमीदारानं या गोष्टीतून एवढंच उचलावं, की हाती आलेलं स्कोअरशीट पुन्हा एकदा बेरीज करून बघायचं असतं.

त्याच शालेय क्रिकेटनं पत्रकारितेची दुसरी बाजूही दाखवली. जानेवारी 2016मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं भंडारी करंडकाच्या सामन्यात पहिल्या दिवसअखेर नाबाद 652 धावा केल्या. दुसऱ्या दिवशी कॅमेरे मैदानाच्या कडेला हजर. डाव नाबाद 1009वर थांबला आणि रिक्षाचालकाचा हा मुलगा जगभरच्या बातम्यांत गेला. प्रतिस्पर्धी संघाची ताकद किती, सीमारेषा किती जवळ, हे प्रश्न कौतुकाच्या त्या लाटेत मागे पडले. अपेक्षांचं ओझं मात्र त्या पोरावर बसलं. मोठ्या खेळाडूबद्दल चुकीचं लिहिलं तर तो उत्तर देतो. पंधरा वर्षांच्या मुलाला ती सोय नसते. म्हणून विशेषणं कुठं आवरायची, हे या व्यवसायात लवकर शिकलेलं बरं.

शिक्षण लागतंच, पण त्याचा फार बाऊ करू नये. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी बातमीची बांधणी, संपादन, कायदा शिकायला मिळतो. बाकीचं डेस्कवर. नवा माणूस बहुधा तिथंच बसतो: वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी येते, ती झटपट आणि वाचण्याजोग्या मराठीत आणायची. आयपीएलचा सामना रात्री अकरानंतर संपतो, लांबच्या जिल्ह्यांची आवृत्ती त्याआधीच छापायला जाते. मग सामना चालू असतानाच कॉपी लिहीत राहायचं, दोन्ही संघांच्या विजयाचे दोन इंट्रो तयार ठेवायचे आणि शेवटच्या षटकात एक खोडायचा.

मैदानाबाहेरही नजर लागते. 2023मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर महिला कुस्तीगीर धरणं धरून बसल्या, तेव्हा क्रीडा बातमीदाराला पोलिसांची एफआयआर आणि सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी समजून घ्यावी लागली. शारदा उग्रा यांनी 'मिड-डे'पासून 'क्रिकइन्फो'पर्यंतच्या कारकिर्दीत खेळाइतकंच खेळ चालवणाऱ्यांवर लिहिलं. पत्रकार कक्षात बाई दिसणं नवलाचं होतं, तेव्हापासून त्या हे करत आल्या आहेत.

आता पैशाचं. जिल्ह्यातल्या वार्ताहराचं मानधन तुटपुंजं असतं, हे झाकण्यात अर्थ नाही. द्वारकानाथ संझगिरी मराठीतले भरपूर वाचले गेलेले क्रिकेट लेखक. पण ते मुंबई महापालिकेत अभियंता होते आणि नोकरी सांभाळून लिहीत. संदीप पाटील यांच्या संपादनाखाली निघालेल्या 'एकच षटकार' या नियतकालिकाशी ते जोडलेले होते, पुढे पुस्तकं, कार्यक्रम, दौरे असं सगळं वाढत गेलं. आजचे तरुण तेच काम यूट्यूब वाहिनी, पॉडकास्ट किंवा आकडेवारीचं विश्लेषण यांच्या जोरावर करू पाहतात. गर्दी क्रिकेटमध्येच आहे. उलट 2025च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. त्यांचा खेळ आधीपासून बघितलेले बातमीदार किती होते, हे त्या आठवड्यातल्या मुलाखती वाचताना जाणवत होतं.

ऑलिंपिकचं वार्तांकन करायचं तर तयारी फार आधी सुरू होते. वृत्तपत्रांच्या पत्रकारांची अधिस्वीकृती देशाच्या ऑलिंपिक संघटनेमार्फत आणि ठरलेल्या कोट्यातूनच मिळते. 2028 साली लॉस एंजेलिसला क्रिकेट 128 वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परततंय, म्हणजे या कोट्यावर क्रिकेट लिहिणाऱ्यांचाही डोळा असणार. क्रिकेटचे सामने आहेत शहरापासून लांब, पोमोनाला. एकच माणूस पाठवू शकणाऱ्या मराठी दैनिकाला ठरवावं लागेल, त्याला पोमोनाची गाडी धरायला सांगायची की सकाळी वजनकाट्यापाशी उभं राहायला.