ऋणाचं वर्गमूळ आणि निसटणारा आरंभबिंदू

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, असं तो सांगतो. त्यात शके ११२८ ची नोंद आहे. त्या ग्रंथांपैकी ‘बीजगणिता’त आचार्य बजावतात की ऋण संख्या कुणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. संख्यारेषेपुरतं ते चोख आहे. रेषा सोडून प्रतलावर उतरायला गणिती वेसेल (१७९७) आणि आर्गां (१८०६) यावे लागले.

आज जळगाव-धुळ्यातली अकरावीची मुलं संमिश्र संख्यांचं तेच प्रतल आखतात; त्यात आय म्हणजे −१ चं वर्गमूळ, झेड म्हणजे प्रतलावरची कुठलीही संख्या. मापांक म्हणजे अंतर, कोनांक म्हणजे दिशा. |झेड − (३ + ४आय)| = ५ दिसलं की ३ + ४आय वर कंपासचं टोक, त्रिज्या ५; वर्तुळ थेट आरंभबिंदूतून जातं. ‘झेडचा कोनांक ४५ अंश’ हा मात्र आरंभबिंदूपासून निघणारा किरण, म्हणजे अर्धीच रेषा. पूर्ण रेषा ओढली की गुण गेलेच!

दोन्ही अटी एकत्र आल्या तर? किरण वर्तुळाला ७ + ७आय पाशी भेटतो. आरंभबिंदूही वर्तुळावर आहे, पण शून्याला कोनांकच नसतो. तिथे पोकळ टिंब काढायचं.