मामाची मुलगी आणि मठातले वाटाणे



दख्खनच्या पठारावर मुलगा लग्नाचा झाला की घरच्यांची पहिली नजर घरातच फिरते. मामाची मुलगी उपवर आहे काय, हा प्रश्न आधी विचारला जातो. बाहेरची स्थळे मागाहून. सुलतान बाजार, काचीगुडा ह्या भागांतील जुन्या मराठी घरांत ही रीत चालत आली आहे. शेजारच्या तेलुगू घरांत अशा विवाहास ‘मेनरिकम’ म्हणतात, आणि तेथील काही समाजांत तर सख्ख्या बहिणीची मुलगीही पत्नी म्हणून स्वीकारली जाते. ह्या रीतीमागची कारणे अगदीच टाकाऊ नाहीत. सून परकी वाटत नाही, जमीनजुमला घरात राहतो, मुलीला सासरी कोणी छळील ही धास्ती उरत नाही. आपली ख्रिस्ती कुटुंबे येथे संख्येने थोडी; त्यामुळे ती पुन्हापुन्हा त्याच चार घरांकडे वळतात.

असे वधूवर लग्नाची नोंद करण्यास येतात तेव्हा धर्मगुरू त्यांना नाते विचारतो, आणि मग तरुण मंडळी तीन प्रश्न हटकून करतात. ख्रिस्तसभेचा हा नियम कशासाठी? नात्यातील लग्नांत मुले रोगी निपजतात हे खरे काय? आणि तसे मूल जन्मास आलेच तर दोष कोणाचा? तिन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांना तशीच उत्तरे मिळावयास हवीत.

नियम कशासाठी?

हा नियम जीवशास्त्रातून निघालेला नाही. आप्तांनी आप्तांतच विवाह न करता बाहेर नाती जोडावीत, म्हणजे प्रेमाचा परीघ वाढतो, असा विचार संत ऑगस्टिन ह्यांनी पाचव्या शतकात मांडला होता. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन महासभेने ज्यांचा खापरपणजोबा एक आहे अशांपर्यंत विवाहास मनाई ठेविली. १९१७ च्या धर्मकायद्याने ती मर्यादा पणजोबापर्यंत आणिली. १९८३ पासून लागू असलेल्या कायद्यात ती आजोबापर्यंत आली आहे; म्हणजे सख्खी मामेबहीण, आतेबहीण, चुलतबहीण, मावसबहीण आणि सख्खी भाची व पुतणी ह्यांच्याशी झालेला विवाह सुटीवाचून ग्राह्य धरला जात नाही. सबळ कारण असल्यास महागुरुस्वामी अशी सूट देऊ शकतात. सख्ख्या बहीणभावांच्या बाबतीत मात्र ती कधीच दिली जात नाही.

तेव्हा ज्यास सूट मिळाली त्याने पाप केले असे नव्हे, आणि सूट मिळाली म्हणून वैद्यकीय प्रश्न मिटला असेही नव्हे. तो प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर प्रथम शोधले तेही एका मठवासी धर्मगुरूने, आणि योगायोग असा की तो ऑगस्टिनच्याच नावाने चालणाऱ्या संघातील होता.

वाटाण्यांनी सांगितलेली गोष्ट

ग्रेगोर मेंडेल (१८२२–१८८४) हे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मठात राहत. १८५६ पासून सुमारे आठ वर्षे त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढविली. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा संकर केला, तो पहिल्या पिढीत सारे दाणे गोल आले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. पुढच्या पिढीत मात्र ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले; म्हणजे जवळजवळ तिनास एक. सुरकुती नाहीशी झाली नव्हती, लपली होती.

माणसाचेही असेच आहे. प्रत्येक गुणासाठी आपणांस बहुधा जनुकांची एक जोडी मिळते, एक आईकडून व एक बापाकडून. जोडीतील एक जनुक बिघडलेले असले तरी पुष्कळदा दुसरे काम निभावून नेते. अशा मनुष्यास वाहक म्हणतात. तो हिंडतो, फिरतो, शेतात राबतो, आणि आपल्या अंगी काय दडले आहे ह्याची त्यास वार्ताही नसते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक, आईबापांसारखे वाहक होण्याचा चारांत दोन, व पूर्ण मोकळे असण्याचा चारांत एक. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पहिले मूल रोगी झाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, असा ह्याचा अर्थ नाही. प्रत्येक खेपेस फासा नव्याने पडतो.

आता मामाच्या मुलीकडे वळू. समजा, एखादे दोषी जनुक १०० माणसांत एकाच्या अंगी आहे. वधूवर एकमेकांचे कोणीही नसतील तर दोघेही वाहक असण्याचा संभव १०,००० त एक, आणि मूल रोगी होण्याचा ४०,००० त एक. परंतु वधू सख्ख्या मामाची मुलगी असेल तर दोघांचे आजीआजोबा एकच. वर वाहक असल्यास तेच जनुक तिच्याही अंगी असण्याचा संभव आठांत एक होतो. हिशेब करा: ३,२०० त एक मूल. सख्ख्या भाचीशी विवाह केल्यास १,६०० त एक. रोग जितका दुर्मिळ, तितका नात्याचा परिणाम मोठा.

मात्र ह्यावरून भयभीत होण्याचे कारण नाही. कोणत्याही १०० नवजात बालकांपैकी सुमारे दोन-तीन बालकांत काही गंभीर जन्मजात दोष आढळतो. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या विवाहांत त्यात आणखी सुमारे दोन-तिनांची भर पडते. म्हणजे अशा घरांतील बहुसंख्य मुले निकोपच असतात. ‘आमच्या आजीने मामेभावाशी लग्न केले, आम्ही सारे धडधाकट आहोत’ असे कोणी म्हणाल्यास तो खोटे बोलत नाही. धोका आहे तो थोड्यांना. पण ज्यांच्या वाट्यास येतो त्यांच्या वाट्यास तो पुरता येतो.

‘आम्ही तर नात्याबाहेर लग्न केले!’

थॅलसेमियाचे उदाहरण घ्या. ह्या रोगात शरीर पुरेसे हिमोग्लोबिन घडवू शकत नाही. मूल जन्मतः ठीक दिसते. पहिल्या वर्षातच ते फिकट पडू लागते, अंगावर पिईनासे होते, पोटातील प्लीहा वाढते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी त्यास दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, तेही जन्मभर. त्या रक्तातून साठणारे लोह हृदयास व यकृतास इजा करते, म्हणून लोह काढून टाकण्याची औषधेही जन्मभर घ्यावी लागतात. अस्थिमज्जेच्या रोपणाने रोग बरा होऊ शकतो; परंतु जुळणारा दाता सख्ख्या भावंडांतही प्रत्येकामागे चारांत एक इतक्याच संभवाने मिळतो. नीट उपचार मिळाल्यास ही मुले मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात, हेही तितकेच खरे.

भारतात ह्या जनुकाचे वाहक सरासरी १०० त तीन-चार आहेत. इतके सर्रास आढळणारे जनुक असल्यावर वधूवरांचे नाते नसणे ही काही ढाल होत नाही. शिवाय आपण ‘नात्याबाहेर’ म्हणतो ते कितपत बाहेर असते? आपल्या हैदराबादेतील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र, म्हणजेच सीसीएमबी, ह्या संस्थेतील कुमारस्वामी थंगराज आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथील डेव्हिड राइश ह्यांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली एक संशोधन प्रसिद्ध केले. दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजगटांची जनुके त्यांनी तपासली. त्यांपैकी ८१ गट प्राचीन काळी इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढले, आणि पुढे इतके आपसांतच विवाह करीत राहिले, की अनोळखी वधूवरांच्या अंगीही एकाच पूर्वजाची जनुके सापडावीत. ह्यांतील १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. आपल्या परिसरातील वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाचा परिणाम तासन्‌तास टिकण्याचा जन्मजात स्वभाव इतरांहून पुष्कळ अधिक आढळतो, तो ह्याच कारणाने. त्यात लाज वाटण्याजोगे काहीच नाही. डॉक्टरांना आधी ठाऊक असले म्हणजे ते दुसरे औषध निवडतात. माहिती असणे हाच तेथे उपचार आहे.

दोष कोणाचा?

रोगी मूल जन्मास आले की आपल्या घरांत बोट बहुधा सुनेकडे दाखविले जाते. तिच्या माहेरची खोड, तिचा पायगुण, तिचे काही पाप! शास्त्र सांगते की थॅलसेमिया मेजर झालेल्या मुलास दोषी जनुक दोन्हीकडून आलेले असते. जितके आईचे, तितकेच बापाचे.

आणि ते पूर्वजांच्या अंगी आले तरी कोठून? ह्याचा धागा आपल्याच शहरात सापडतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस ह्यांनी डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहिले आणि हिवताप डासांमुळे पसरतो ह्याचा पुरावा हाती आला. पुढे १९४९ साली जे. बी. एस. हॉल्डेन ह्या शास्त्रज्ञांनी असा तर्क मांडला की, थॅलसेमियाचे एकच जनुक असणाऱ्यांचा हिवतापापासून बचाव होत असला पाहिजे. १९५४ साली अँथनी ॲलिसन ह्यांनी आफ्रिकेत सिकल सेल ह्या रक्तदोषाच्या बाबतीत हेच पुराव्यानिशी दाखविले. विदर्भात व गोदावरीकाठच्या जंगलपट्ट्यात हा सिकल सेल आजही अनेक घरांत आहे. हिवतापाने मुले पटापट मरत होती त्या काळी ज्यांच्या अंगी हे जनुक होते ते जगले, आणि त्यांच्या पोटी आपण जन्मलो. एकेकट्याने ज्याने जीव वाचविला, तेच दोन्हीकडून एकत्र आले म्हणजे जिवावर उठते.

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे. प्रभूने दोघांनाही त्या आरोपातून मोकळे केले. आपल्या घरातील सुनेस आपणही मोकळे करू या.

मग करावे काय?

रक्ताची एक साधी तपासणी आहे. नेहमीच्या रक्ततपासणीत तांबड्या पेशी आकाराने लहान दिसल्या तर डॉक्टर हिमोग्लोबिनची एचपीएलसी चाचणी करावयास सांगतात. तीतून थॅलसेमिया व सिकल सेल ह्यांचे वाहक ओळखू येतात. हैदराबादेत थॅलसेमिया अँड सिकल सेल सोसायटी १९९८ पासून ह्या कामास वाहिलेली आहे, आणि केंद्र सरकारनेही १ जुलै २०२३ रोजी सिकल सेलविरुद्ध राष्ट्रीय मोहीम आरंभिली आहे. ही तपासणी साखरपुड्यापूर्वी, शक्य तर बोलणी सुरू होण्याच्याही आधी व्हावी. आणि मुलीपुरती नव्हे, मुलाचीही. दोघांपैकी एकच वाहक निघाल्यास त्यांचे मूल ह्या रोगाने आजारी होणार नाही. विवाहास काहीच अडचण नाही. फक्त वाहकत्वे एकाहून अधिक प्रकारची असतात, म्हणून दोन्ही अहवाल डॉक्टरांना एकत्र दाखवावेत.

अहवाल ज्याचा त्याचा आहे. तो मध्यस्थाच्या खिशात वा भाऊबंदांच्या तोंडी जाता कामा नये. पण ज्याच्याशी जन्माची गाठ बांधावयाची त्याच्यापासून तो लपविणे हा विश्वासघात होय.

दोघेही वाहक निघाले तर? त्यांना जबरदस्तीने अडविण्याचा अधिकार कोणासही नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत आणि जर्मनीत ‘सदोष’ ठरविलेल्या माणसांवर सक्तीने निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रिया झाल्या. अशा सक्तीचा निषेध पोप अकरावे पायस ह्यांनी १९३० सालीच केला होता. पण त्याच परिपत्रकात अशा विवाहांपासून अनेकदा परावृत्त करणे योग्य असल्याचेही म्हटले आहे. सल्ला देता येतो, सक्ती करता येत नाही. कोणी जोडपे विचारान्ती वेगळे होईल. कोणी लग्न करून दत्तक मूल घेईल. कोणी जाणूनबुजून तो भार पत्करील.

ज्यांना हे सत्य गर्भ राहिल्यावर कळते त्यांची कसोटी फार कठीण असते. गर्भजलाची वा वारेच्या पेशींची तपासणी उपचाराच्या व तयारीच्या हेतूने करण्यास ख्रिस्तसभेचा विरोध नाही. मूल रोगी निघाल्यास त्याचा जीव घ्यावा ह्या हेतूने ती करणे तिने १९८७ साली स्पष्टपणे नाकारले आहे. ही शिकवण सांगणे सोपे आहे. हातात अहवाल घेऊन रात्र काढणाऱ्या आईस ती पाळणे सोपे नाही. म्हणूनच जो प्रश्न लग्नापूर्वी शंभर-दोनशे दिवस आधी शांतपणे सोडविता येतो, तो तिच्या एकटीच्या पदरात तेव्हा पडू देऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आणि जे मूल आले आहे, ते आपल्या सर्वांचे आहे. त्यास दर पंधरवड्याने रक्त लागते. निरोगी पुरुष तीन महिन्यांनी व स्त्री चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. ज्या कुटुंबात असे मूल असेल त्या कुटुंबाच्या नावापुढे आपल्या धर्मग्रामातील दहा-बारा दात्यांची नावे लिहून ठेवावीत आणि ज्याची पाळी येईल त्याने न बोलावता जावे. येत्या रविवारी मिसाबलिदानानंतर अशी यादी मंदिराच्या दाराशी ठेविली जाईल. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांनी तेथेच आपल्या मुलामुलींच्या तपासणीविषयी विचारावे.