मधल्या चित्रांचा अभ्यास

दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटाची सुरुवात ग्राफिक कलेच्या प्रत्येक वर्गात दाखवायला हवी. त्यांची मुलगी मंदाकिनी आधी नुसत्या चेहऱ्याने भाव दाखवते, मग तिचं ते रूप विरत जाऊन तिथे कृष्णवेशातली मंदाकिनी येते. त्याआधी सर जे. जे. कला शाळेच्या या जुन्या विद्यार्थ्याने वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपली होती. दोन रूपांच्या मधलं काय दाखवायचं, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

फाळक्यांच्या विरण्यात फक्त उजेड मिसळतो. मॉर्फिंगमध्ये, म्हणजे संगणकावर एका चित्राचं हळूहळू दुसरं चित्र करताना, आकारही सरकतात. १९८८च्या 'विलो' चित्रपटात आणि १९९१च्या 'ब्लॅक ऑर व्हाइट' गाण्यातल्या चेहऱ्यांत ते जगाने पाहिलं. १९९२ साली बायर आणि नीली यांनी दोन्ही चित्रांवर जुळत्या रेघा आखायची पद्धत मांडली. त्याही आधी, १९१७ मध्ये, जीवशास्त्रज्ञ डार्सी थॉम्प्सन यांनी चौकटींच्या जाळीवर मासा काढून, जाळी वाकवून दुसऱ्या जातीचा मासा मिळवून दाखवला होता. हा धडा कागद-पेन्सिलीवर आजही होतो, आणि तो संगणकाआधीच व्हावा.

कारण सॉफ्टवेअर शिकायला फार वेळ लागत नाही. दोन्ही चित्रांत जुळणारा बिंदू कुठे ठेवायचा हे कळायला चित्रकलेची नजर लागते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरचा बिंदू दुसऱ्या चेहऱ्यात जरा पापणीवर सरकला, की मधल्या चित्रात डोळा पिळवटतो. एका चेहऱ्याचा कान केसांखाली असेल, तर मध्येच अर्धा कान भुतासारखा तरंगतो.

चेहऱ्यांवर हात बसला, की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या मुलांनी बारवी धरण घ्यावं. त्यांच्या भागाला पाणी देणारं एमआयडीसीचं हे धरण टप्प्याटप्प्याने उंच झालं. तोंडली, काचकोलीसारखी गावं त्यात गेली. काठावरची एकच जागा ठरवून मे अखेरीस आणि ऑगस्टमध्ये फोटो काढायचे. (पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते, म्हणून परवानगी आधीच काढावी.) डोंगराची कड दोन्ही फोटोंत तीच, तिथले बिंदू हलणार नाहीत. पाण्याची रेघ वर चढेल. पण उन्हाने तडकलेल्या गाळाला, बुंध्यांना ऑगस्टच्या फोटोत जोडीदारच नाही. ओढूनताणून जोडी लावली तर जमीन ताणून तिचं पाणी होतं, आणि ते खोटं दिसतं. जमीन पाण्याखाली गेली आहे. तिथे आकार सरकवायचा नाही, पाण्याने झाकायचा.

जुलैतही त्याच जागेवरून एक फोटो घ्यावा आणि संगणकाच्या मधल्या चित्राशेजारी लावावा. संगणक पाणी सारख्या गतीने चढवतो. खरं पाणी पावसाच्या जोरावर चढतं, आठवडाभर थांबतं, मग एका रात्रीत चढतं. तो फरक पाहून मुलांना गतीचा आलेख हाताने दुरुस्त करू द्यावा.

आता एआय मधली चित्रं क्षणात काढून देतं, पण जोड्या का लावल्या हे सांगत नाही. म्हणून तयार फितीबरोबर बिंदूंचा नकाशाही मागावा, न जुळलेल्या जागा त्यावर लाल शाईने दाखवायला सांगाव्यात, आणि मोठे गुण त्या नकाशाला द्यावेत.