बाळाचा विचार आणि थायरॉइडची गोळी

रियाध, जेद्दा, दम्मामला परतताना बॅगेत चकली-चिवड्याबरोबर औषधांच्या पट्ट्याही येतात. त्यात अतिसक्रिय थायरॉइडची कार्बिमाझोल असेल आणि बाळाचा विचार असेल, तर तो डॉक्टरांना आधीच सांगा. गरोदरपणाच्या ६ ते १० आठवड्यांत या गोळीमुळे बाळात जन्मजात दोष येऊ शकतो. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत बहुधा प्रोपिलथायोयुरासिल देतात. तिने क्वचित यकृताला इजा होते. मात्र घाबरून गोळी मनाने बंद करू नका. थायरॉइड आटोक्यात नसेल तर गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते. पाळी चुकली की लगेच चाचणी करा, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. रेडिओआयोडीन घेतलं असेल तर किमान ६ महिने थांबा. आणि घरच्यांनो, ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न तोवर नको.