चार मिनिटांचं गाणं, एका दिवसाचं शूटिंग आणि संशोधनाचा आराखडा

पीएचडीची प्रवेश परीक्षा देणारे बरेच जण विचारतात, "रिसर्च डिझाइन म्हणजे नक्की काय हो?" व्याख्या सगळ्यांना पाठ असते, पण मुलाखतीत "मग तुमचं डिझाइन सांगा" म्हटलं की गाडी अडते. म्हणून आज प्रयोगशाळेच्या बाहेरचं एक उदाहरण घेऊया.

समजा, विभागाच्या स्नेहसंमेलनासाठी तुम्ही दहा-बारा जण मिळून ‘देस्पासितो’ या स्पॅनिश गाण्यावर म्युझिक व्हिडिओ करताय. साधनं म्हणजे दोन मोबाइल, एक ट्रायपॉड, एक स्पीकर. हॉस्टेलची गच्ची आणि आतला मोठा हॉल एकाच रविवारी मिळणार, सकाळी नऊ ते दुपारी चार. पुढच्या आठवड्यापासून परीक्षा, त्यामुळे दुसरा रविवार नाही. संशोधनातही असंच असतं बघा. उपकरणाचा स्लॉट एकदाच मिळतो, पावसाळ्यातले नमुने पावसाळ्यातच घ्यावे लागतात. आराखडा लागतो तो यासाठी.

१. आधी पूर्वाभ्यास

गाणं शंभरदा ऐकलेलं असतं, म्हणून ते माहीत आहे असं वाटतं. पण त्याच्याबद्दल काय ठाऊक आहे ते कागदावर उतरवा. ‘देस्पासितो’ जानेवारी २०१७ मध्ये आलं. गायक लुइस फोन्सी आणि डॅडी यँकी, दोघेही प्वेर्तो रिकोचे. गीतलेखनात या दोघांबरोबर पनामाची एरिका एंडर आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये हा यूट्यूबवरचा सर्वाधिक पाहिलेला व्हिडिओ ठरला आणि नोव्हेंबर २०२० पर्यंत ते स्थान त्याच्याकडे राहिलं.

सुरुवातीला जी तार छेडली जाते ती गिटारची नाही, ‘क्वात्रो’ची आहे. हे प्वेर्तो रिकोचं स्वतःचं वाद्य, पाच जोड्यांमध्ये दहा तारा. खालचा ठेका ‘डेम्बो’. हे नाव जमैकाच्या शाबा रँक्सच्या ‘डेम बो’ या गाण्यावरून आलं. जमैका, पनामा, प्वेर्तो रिको असा प्रवास करत हा ठेका रेगेटॉन संगीताचा कणा झाला. म्हणजे नाचाच्या स्टेप बसवताना आपण ज्याला सरसकट ‘लॅटिन’ म्हणतो, त्यात दोन-तीन वेगळे इतिहास आहेत.

आता जागा. मूळ व्हिडिओचा मोठा भाग सान हुआन शहरातल्या ‘ला पेर्ला’ वस्तीत चित्रित झाला आहे. जुन्या शहराची तटबंदी आणि अटलांटिक समुद्र यांच्या मधल्या उतारावर ही वस्ती आहे. शहराचा कत्तलखाना तटाबाहेर होता, तिथे काम करणारे आणि ज्यांना शहरात जागा नव्हती ते लोक इथे राहू लागले. आपल्याकडच्या वाचकाला ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. अनेक वर्षं बदनाम असलेल्या या वस्तीत व्हिडिओनंतर पर्यटक येऊ लागले, आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला मारिया चक्रीवादळ बेटावर धडकलं. कित्येक महिने वीज नव्हती.

हे सगळं वाचून उपयोग काय? टीममधला कुणीतरी हमखास म्हणतो, "भिंतीला चार रंग फासू, कपडे वाळत घालू, झाली गरीब वस्ती!" वाचन झालेलं असेल तर या सूचनेत काय खटकतं ते सांगता येतं. ती लोकांची घरं आहेत, सेट नाही. आपली गच्ची आपली गच्ची म्हणूनच दाखवू.

शब्दांचा अर्थही बघा. हे उघड शृंगारिक गाणं आहे. जुलै २०१७ मध्ये मलेशियाच्या सरकारी प्रसारण संस्थेने याच कारणासाठी ते वाजवणं थांबवलं होतं. समोर प्राध्यापक आणि पालक बसणार असतील तर नृत्य बसवण्यापूर्वी भाषांतर वाचायला हवं, नंतर नाही.

२. प्रश्न एका वाक्यात

"भारी व्हिडिओ करायचाय" हा प्रश्न नाही. "शेतीवरच्या हवामानबदलाच्या परिणामांचा अभ्यास" हाही नाही. दोन्हीत काय झालं म्हणजे काम झालं, ते कळत नाही.

‘देस्पासितो’चा अर्थ ‘सावकाश’, आपल्या भाषेत ‘हळूहळू’. म्युझिक व्हिडिओत मात्र कट भराभर असतात. इथे एक खरा प्रश्न सापडतो: स्पॅनिश न येणाऱ्या प्रेक्षकाला, फक्त चित्रातून, कोरसमध्ये ‘सावकाश’ जाणवू शकेल का?

प्रश्न मिळाला की निम्मे वाद आपोआप मिटतात. ड्रोन हवा का? धुराचं मशीन हवं का? प्रत्येक वेळी एकच विचारायचं, याने ‘सावकाश’ला मदत होते का? होत नसेल तर ते यादीतून बाहेर.

३. ‘सावकाश’ मोजायचं कसं?

पद्धतीशास्त्राच्या पेपरात ‘कार्यात्मक व्याख्या’ म्हणून प्रश्न येतो ना, तो हाच. ‘सावकाश’ ही भावना झाली. मोजता येईल असं काय आहे? शॉटची लांबी, नाचणाऱ्याच्या हालचालीचा वेग, कॅमेऱ्याचा वेग. तिन्ही एकदम बदलले तर परिणाम कशाचा ते कळणार नाही. म्हणून एकच चल निवडू: शॉटची लांबी. कपडे, रंग, स्टेप आणि कॅमेऱ्याची हालचाल शक्यतो तशीच ठेवायची.

गृहीतक असं: कडव्यात शॉट छोटे, कोरसकडे जाताना लांब, कोरसमध्ये सर्वांत लांब, तर प्रेक्षकाला कोरस सावकाश वाटेल.

४. ठोक्यांचं गणित

गाण्याची लय मिनिटाला सुमारे ८९ ठोके. म्हणजे एक ठोका ६० ÷ ८९ = ०.६७४ सेकंद. चार ठोक्यांचं आवर्तन २.७ सेकंदांचं. गाणं साधारण पावणेचार मिनिटांचं, म्हणजे ८४च्या आसपास आवर्तनं. आता योजना आकड्यांत मांडता येते:

कडवं: एका आवर्तनाला एक शॉट, २.७ सेकंद.
कोरसच्या आधी: दोन आवर्तनांना एक, ५.४ सेकंद.
कोरस: चार आवर्तनांना एक, १०.८ सेकंद.

इथे एक गंमत बघा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका ठोक्याला १६.८५ फ्रेम येतात. "चला, १७ धरू" असं म्हणून संगणकावर समान अंतराने कट टाकले तर प्रत्येक ठोक्याला जवळपास ०.००६ सेकंदाची चूक होते. एकट्या ठोक्यात ती दिसणारही नाही. शंभर ठोक्यांनंतर मात्र कट ठेक्यापेक्षा ०.५८ सेकंद मागे पडलेला असतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खा ठोका. पूर्णांकनाची चूक साठत जाते म्हणतात ती अशी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पहिल्या कोरसच्या तोंडाशी गाण्याचा ठेका क्षणभर थबकतो आणि ‘देस-पा-सि-तो’ हा शब्द ओढून येतो. सरासरी लयीवरून काढलेलं वेळापत्रक नेमकं याच जागी दगा देऊ शकतं, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हीच जागा सर्वांत मोलाची! म्हणून सूत्रावर विसंबायचं नाही. गाणं एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, लहरींचा आलेख बघत प्रत्येक भागाची सुरुवात कानाने टिपा, वेळ लिहा. दोघांनी वेगवेगळ्या खुणा करून ताडून पाहिल्या तर उत्तम. मॉडेल अंदाज देतं, मोजमाप आपल्यालाच करावं लागतं.

५. उपकरण तपासा

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. मोबाइल सहसा ३० फ्रेमवर असतो. तसंच ठेवलं तर हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याची पूर्ण आवर्तनं येतात आणि पट्टे टळतात. दोन्ही मोबाइलवर एकच सेटिंग हवं, आणि फ्रेमचा दर मध्येच बदलू न देणारं कॅमेरा ॲप.

आवाजाचंही तसंच. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. लांबलचक गच्चीवर स्पीकर नाचणाऱ्यांपासून ३४ मीटरवर ठेवला तर त्यांना गाणं ०.१ सेकंद उशिरा ऐकू येईल, म्हणजे अडीच फ्रेम. स्पीकर त्यांच्या जवळ ठेवा. प्रत्येक टेकच्या आधी मोठ्याने तीन टाळ्या वाजवा, दोन्ही मोबाइलचं चित्र नंतर त्यावरून जुळवता येतं.

स्लो मोशनचा मोह होईल. ५० फ्रेमने चित्रित करून २५ने दाखवलं तर हालचाल निम्म्या वेगाने दिसते, पण ओठ जुळवायचे तर शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं. शिवाय आपण हालचालीचा वेग स्थिर ठेवायचं ठरवलंय. म्हणून या प्रयोगात स्लो मोशन नको. असं कारण देऊन ‘नाही’ म्हणता येणं, हाच डिझाइनचा फायदा.

६. पायलट आणि वेळापत्रक

आदल्या रविवारी मेसच्या टेबलावर पायलट करा. कागदावर काड्यांची माणसं काढा, मोबाइलने फोटो घ्या आणि ते गाण्यावर ठरलेल्या लांबीने लावा. तासाभराचं काम. दहा सेकंदांचा शॉट किती लांब वाटतो ते इथे कळतं, आणि त्यात काहीच घडत नसेल तर तो सावकाश न वाटता कंटाळवाणा वाटतो हेही.

सात तास म्हणजे ४२० मिनिटं. जेवण आणि सामानाची हलवाहलव यांना एक तास दिला की ३६० उरतात. कॅमेऱ्याची एक जागा, दिवे, सराव आणि तीन टेक यांना २० मिनिटं धरली तर १८ जागा होतात. त्यातल्या तीन राखीव ठेवा आणि १५वरच योजना बांधा.

क्रम गाण्याचा नसतो, गरजेचा असतो. कोरसचे लांब शॉट सर्वांत अवघड, कारण त्यात चूक झाली तर कट मारून लपवता येत नाही. ते सकाळी नऊला, गच्चीवर, सगळे ताजेतवाने असताना. दुपारी ऊन डोक्यावर आलं की डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, तेव्हा हॉलमध्ये या आणि कडव्याचे छोटे शॉट घ्या. घाईची वेळ आलीच तर ती कमी महत्त्वाच्या भागावर यावी.

७. परवानगी आणि संमती

गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात: एक शब्द-संगीताचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. तुमच्या मैत्रिणीने ते स्वतः गायलं तरी पहिला हक्क शिल्लक राहतोच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थ्यांनी केलेल्या सादरीकरणासाठी सवलती आहेत, पण स्नेहसंमेलनात दाखवणं आणि इंटरनेटवर टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा गाणं ओळखते. हक्कधारक व्हिडिओ अडवू शकतो किंवा त्यावरचं उत्पन्न स्वतःकडे घेऊ शकतो. दाखवणार कुठे, ते आधी ठरवा आणि त्याप्रमाणे परवानगी बघा.

माणसांची संमतीही तितकीच महत्त्वाची. मेसच्या मावशी, सुरक्षारक्षक काका मागे दिसणार असतील तर त्यांना आधी विचारा, व्हिडिओ कुठे जाणार ते सांगा. "नको" म्हणाले तर कॅमेरा फिरवा. मानवी सहभागींच्या संशोधनात नीतिमत्ता समितीचा अर्ज भरताना हेच करायचं असतं, तिथे फक्त कागद जास्त लागतात.

८. डेटा आणि निष्कर्ष

जेवणाच्या सुट्टीतच सकाळचं फुटेज दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा. कॉपी उघडून बघेपर्यंत मोबाइलमधलं काही पुसू नका. फाइलच्या नावात जागा, शॉट आणि टेकचा क्रमांक हवा. ‘फायनल-फायनल-२’ या नावाचा अर्थ महिन्याने तुम्हालाही लागणार नाही.

शेवटी उत्तर तपासा. त्याच फुटेजमधून दोन कोरस बनवा: एक लांब शॉटचा, दुसरा २.७ सेकंदांच्या समान कटचा. शूटिंगला नसलेल्या मित्रमैत्रिणींना दोन्ही दाखवा, निम्म्यांना आधी पहिला, निम्म्यांना आधी दुसरा. विचारा, कुठला सावकाश वाटला? समान कटचाच जास्त जणांनी निवडला, तर तोही निष्कर्ष आहे. कदाचित ‘सावकाश’ हालचालीत असेल, कटमध्ये नसेल. पुढच्या वर्षीच्या टीमला यातून नवा प्रश्न मिळेल.

आता तुमच्या स्वतःच्या विषयाचं एक पान घ्या. एका वाक्यात प्रश्न, बदलणारा एक चल, स्थिर ठेवायच्या गोष्टी, मोजायची पद्धत, हातात असलेला वेळ, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर काय कळेल. या सहा ओळी मुलाखतीआधी लिहून काढा. जी ओळ लिहिताना पेन थांबेल, मार्गदर्शकांकडे आधी तीच घेऊन जा.