कॅमेरा हाती आला तेव्हा

हॉलिवूडच्या चित्रपटांत कृष्णवर्णीय माणूस वर्षानुवर्षे दिसला तो बहुधा नोकर, विदूषक नाहीतर गुन्हेगार म्हणून. या चित्राला आव्हान दिले ते विद्यार्थ्यांनी.

१९६५ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत पोलिसी जुलमाविरुद्ध उद्रेक झाला. त्यानंतर तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागात कृष्णवर्णीय मुले-मुली शिकू लागली. त्यांच्या चळवळीला पुढे ‘एल. ए. रिबेलियन’, म्हणजे लॉस एंजेलिसचे बंड, हे नाव मिळाले.

चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ ही वॉट्समधील कत्तलखान्यात राबणाऱ्या एका बापाची कथा. पदवीसाठी केलेल्या या चित्रपटाचा खर्च दहा हजार डॉलरच्या आत. चित्रीकरण शनिवार-रविवारी, कलावंत बहुतेक वस्तीतलेच. त्यातील गाण्यांचे हक्क घेण्यास पैसे नव्हते, म्हणून थिएटरात तो रीतसर लागला थेट २००७ साली! मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड १९९० सालीच झाली होती. याच विद्यापीठातल्या ज्युली डॅश यांचा ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ १९९१ साली आला. अमेरिकाभर थिएटरांत प्रदर्शित झालेला कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीचा तो पहिला कथापट.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ‘ब्लॅक पँथर’पासून स्फूर्ती घेऊन. त्याच समाजाचा हा धडाही आपण गिरवावा. त्यांच्याकडे पैसा नव्हता, स्टुडिओ नव्हता, शिक्षण होते. आपली मुले-मुली डॉक्टर, इंजिनिअर होतात, तशी दिग्दर्शकही व्हावीत. आपली कथा आपणच सांगावी.

जय भीम!